वरून करपलेली, सांध्याशी कच्ची: ओव्हनमधल्या अख्ख्या कोंबडीचा वारंवार येणारा दोष

श्रावण लागण्याआधीच्या रविवारी आणि गणपती उठल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या लातूरच्या घरी एकाच तऱ्हेचे फोन येतात: "वहिनी, कोंबडी वरून काळी पडली, पण मांडी कापली तर आत लालच आहे, आता काय करू?" हा दोष मी आधी माझ्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या लहान विजेच्या ओव्हनमध्ये, अनेकदा अनुभवला, नंतर जावेच्या आणि भाच्याच्या घरी जाऊन दुरुस्त केला, आणि आता माझे मत पक्के झाले आहे की तो वेळ कमी पडल्यामुळे क्वचितच येतो. उष्णता आत सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच बाहेरचा मसाला जळून गेलेला असतो, हे त्याचे खरे कारण. म्हणून "आणखी वीस मिनिटे राहू द्या" हा सल्ला मी कोणाला देत नाही. त्याने काळे अधिक काळे होते आणि छातीचे मांस भुशासारखे कोरडे पडते.

पुढचे सर्व विवेचन आपल्या दुकानांत मिळणाऱ्या, कातडी काढलेल्या आणि साफ केल्यावर सुमारे १.२ किलो भरणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीसाठी आहे. गावरान कोंबडीचे गणित निराळे आहे. त्याबद्दल योग्य ठिकाणी लिहिले आहे.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण असे की अर्ध्या-पाऊण तासात वरचा मसाला काळा होतो, घरभर करपल्याचा वास सुटतो, आणि मांडीचा धडाशी असलेला सांधा सुरीने उघडला की लालसर पाणी ओघळते व मांस रबरासारखे चकचकीत दिसते. दुसरे लक्षण म्हणजे छाती दोऱ्या-दोऱ्यांनी सुटते इतकी कोरडी आणि त्याच कोंबडीची मांडी कच्ची. तिसऱ्या प्रकारात एकच बाजू, बहुधा ओव्हनच्या मागच्या भिंतीकडची, जळते आणि दाराकडची बाजू पांढुरकी राहते. चौथ्यात ट्रेमध्ये वाटीभर पाणी साचते, खालचा भाग उकडल्यासारखा होतो आणि वरचा करपतो. पाचवे लक्षण सांगायला बहुतेक जण विसरतात: मागच्या रविवारी त्याच आकड्यावर, तेवढ्याच वेळात कोंबडी उत्तम झाली होती आणि या रविवारी मात्र बिघडली. असे असेल तर मसाल्याला दोष देण्याआधी खाली विजेच्या दाबाबद्दल लिहिले आहे ते वाचावे.

पाहुणे बसलेले असतील तर

दोषाचे कारण उद्या शोधता येईल. आधी आजचे जेवण सावरावे. अख्खी कोंबडी पुन्हा ओव्हनमध्ये ठेवू नये. मांड्या, टंगड्या, छाती आणि पंख वेगळे करावेत, करपलेला थर चमच्याच्या कडेने खरवडून टाकावा, आणि जाड बुडाच्या कढईत ट्रेमधला रस व अर्धी वाटी पाणी उकळून त्यात मांड्या आणि टंगड्या घालाव्यात. घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजू द्यावे. छातीचे तुकडे बहुधा आधीच शिजलेले असतात, ते शेवटची पाच मिनिटे घालावेत. कच्चे वाटले तर मात्र त्यांनाही पुरता वेळ द्यावा. वाफेची उष्णता तुकड्यांना चहूबाजूंनी भिडते आणि पाणी असल्यामुळे मसाला आणखी जळत नाही, म्हणून हा उपाय हमखास लागू पडतो. कच्चा सांधा ज्या सुरीने आणि ज्या फळीवर कापला, ती साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा-लिंबू चिरू नये.

पहिली तपासणी: कोंबडी खरोखर कच्ची आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी काही कोंबड्या पूर्ण शिजलेल्या होत्या. ब्रॉयलर कोवळ्या वयात कापली जाते, तिची हाडे सच्छिद्र असतात, आणि हाडाच्या मगजातला लाल रंग शिजताना भोवतालच्या मांसात उतरतो. फ्रीझरमधून काढलेल्या कोंबडीत हे विशेष दिसते. त्यामुळे पुरती शिजलेली मांडीसुद्धा हाडालगत गुलाबी किंवा जांभळट दिसू शकते. याच्या उलट, पांढरे दिसणारे मांस आतून पुरेसे तापलेले नसू शकते. रंगावर विसंबणे दोन्हीकडून घातक आहे.

पुरावा फक्त तापमानाचा. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटरची सळई खुपसावी आणि ७४ अंश सेल्सिअस दिसल्याशिवाय कोंबडी ताटात वाढू नये. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीतले नेहमीचे जंतू त्या तापमानाला मरतात. सुरक्षिततेसाठी ७४ अंश पुरेसे असले तरी मांडीची खरी गोडी ८० ते ८५ अंशांना येते, कारण तिच्यातले चिवट धागे तोवर विरघळून मऊ होतात. छाती मात्र ७४ च्या फार पुढे गेली की कोरडी पडते. एकाच कोंबडीच्या दोन भागांना दोन तापमाने हवी असणे, हीच या पदार्थाची मूळ अडचण आहे आणि पुढचे बहुतेक उपाय तिच्यासाठीच आहेत.

सळईचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि या कामासाठी एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर ती हीच घ्यावी असे मी आग्रहाने सांगते. नवा आणल्यावर तो बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून त्यात बुडवावा. तेथे शून्य दाखवले पाहिजे. उकळत्या पाण्यात तो १०० दाखवत नाही म्हणून परत करू नये. मराठवाडा समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने आपल्याकडे पाणी ९८ ते ९९ अंशांना उकळते. थर्मामीटर नसेल तर टंगडी धरून फिरवावी. ती सांध्यात सहज वळली आणि टोचल्यावर निघणारा रस निव्वळ पारदर्शक असला तर कोंबडी बहुधा शिजली आहे. पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस असेल तर "बहुधा"वर थांबू नये.

दुसरी तपासणी: जाळी, रॉड आणि प्रीहीट

याला पैसा लागत नाही. लहान ओटीजीत अख्खी कोंबडी मधल्या खाचेतल्या जाळीवर ठेवली की तिची छाती वरच्या रॉडपासून जेमतेम चार बोटांवर येते, आणि लाल झालेला रॉड चुलीतल्या निखाऱ्यासारखी थेट धग मारतो. ही धग फक्त पृष्ठभाग भाजते. आतले मांस शिजते ते पृष्ठभागावरून हळूहळू आत सरकणाऱ्या उष्णतेने. म्हणून जाळी सर्वांत खालच्या खाचेत बसवावी, नॉब ग्रिलवर न ठेवता वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू राहतील असा ठेवावा, पंखा असल्यास तो लावावा, आणि छातीवर फॉइलचा तुकडा सैलसर टाकून तो शेवटच्या वीस मिनिटांसाठी काढावा. मसाल्यात लिंबू-दही असल्याने फॉइल त्याला चिकटू देऊ नये; आंबटपणाने ॲल्युमिनियमला बारीक भोके पडतात.

प्रीहीट चालू असताना रॉड पूर्ण लाल असतात, आणि कित्येक जण नेमक्या त्याच वेळी कोंबडी आत सरकवतात. ठरवलेले तापमान गाठून रॉड एकदा बंद होईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे, थांबावे आणि मगच ट्रे आत ठेवावा. नॉब १८० अंशांवर असावा. २२० किंवा २३० वर लवकर होईल हा समज या दोषाच्या मुळाशी अनेकदा सापडतो. १८० अंशांवर १.२ किलोच्या अख्ख्या कोंबडीला सुमारे सत्तर ते पंचाहत्तर मिनिटे लागतात, आणि अर्ध्या वेळेनंतर ट्रेची पुढची बाजू मागे फिरवावी लागते. तिसरे लक्षण बहुतेक वेळा एवढ्यानेच जाते.

तिसरी तपासणी: आत बर्फ तर नाही?

शनिवारी आणून फ्रीझरमध्ये टाकलेली कोंबडी रविवारी दुपारी बाहेर काढली, हाताला मऊ लागली आणि ओव्हनमध्ये गेली, ही गोष्ट मी नेहमी ऐकते. हात पोटाच्या पोकळीत घालून बरगड्यांच्या आतल्या बाजूने बोटे फिरवावीत. तेथे कचकच लागली, किंवा टंगडीचा सांधा वाकवताना अडला, तर आत अजून बर्फ आहे. बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत तेवढेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजे आत बर्फ असलेली मांडी ओव्हनमध्ये जवळजवळ दुप्पट काम मागते, आणि तोपर्यंत वरचा मसाला वाट पाहत नाही.

बर्फ उतरवण्याची योग्य जागा फ्रीजचा खालचा कप्पा; १.२ किलोला किमान एक पूर्ण रात्र द्यावी, आणि घाईत नसल्यास अधिक. घाई असेल तर कोंबडी गळत नसलेल्या पिशवीत घट्ट बांधून बादलीभर गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. वाहत्या नळाखाली धरण्याची पद्धत आपल्यासाठी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहरात राहणाऱ्या माणसाला ती सुचवताना संकोच वाटतो. पिशवी फुटलेली नसेल तर बादलीतले पाणी झाडांना घालावे, भांड्यांना मात्र वापरू नये. उन्हाळ्यात ओट्यावर उघडी ठेवून बर्फ उतरवू नये: हवा ३२ अंशांच्या वर असली की कच्चे किंवा शिजलेले मांस बाहेर ठेवण्याची मर्यादा एक तास, आणि मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर त्याहून बरेच तापलेले असते.

ओली कोंबडी हा याच दोषाचा धाकटा भाऊ. चौथ्या लक्षणातले पाणी बहुधा तिचेच असते, कारण रॉडची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. घरी आणून नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर पसरतात. त्याऐवजी स्वच्छ कागदी रुमालाने आतून-बाहेरून टिपून कोरडी करावी आणि ट्रेमध्ये जाळी ठेवून तिच्यावर बसवावी.

चौथी तपासणी: मसाल्यात काय आहे?

आपल्या मराठवाडी हाताला काळा मसाला, येसर आणि सुक्या खोबऱ्याशिवाय चव आल्यासारखी वाटत नाही, आणि नेमके हेच सगळ्यात आधी जळते. काळ्या मसाल्यातले जिन्नस एकदा खमंग भाजूनच कुटलेले असतात, येसरमध्ये भाजलेल्या धान्या-डाळींचे पीठ असते, खोबऱ्यात तेल, तळलेल्या कांद्यात साखर. रश्श्यात ते पाण्यात असतात, तेथे तापमान उकळीच्या वर जात नाही, म्हणून वर्षानुवर्षे आपल्याला ते जळताना दिसत नाहीत. ओव्हनमध्ये त्यांना ते संरक्षण नसते. गूळ किंवा मध घातला असेल तर काळे पडणे आणखी लवकर.

मसाला टाकून देण्याची गरज नाही, तो दोन वेळा लावावा. आदल्या रात्री फक्त मीठ, हळद, आले-लसणाचा गाळलेला रस, थोडे तिखट आणि फडक्यात बांधून पाणी काढलेले दही लावून फ्रीजमध्ये ठेवावे. १.२ किलोला सुमारे १५ ग्रॅम मीठ लागते. मसाल्याचा वास-रंग रात्रभरात काही मिलिमीटरच आत जातो, पण मीठ खोलवर पोहोचते आणि मांसातले पाणी धरून ठेवते. म्हणून मीठ आदल्या रात्री लावण्याला पर्याय नाही, बाकीचे उशिरा चालते. लिंबू रात्रभर ठेवल्यास पृष्ठभाग पिठूळ होतो, ते भाजण्याआधीच्या शेवटच्या तासात पिळावे. काळा मसाला आणि वाटलेले खोबरे दोन चमचे तेलात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत, फॉइल काढल्यावर, ब्रशने किंवा हाताशी असल्यास केळीच्या पानाच्या तुकड्याने लावावे. कातडी नसल्यामुळे मांसाला स्वतःची चरबी नाही, म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याआधी तेलाचा एक हात फिरवणेही आवश्यक आहे.

भाच्याच्या घरी एका कोंबडीवर मी ही अदलाबदल डोळ्यांसमोर करून दाखवली. डावी मांडी नेहमीच्या पद्धतीने पूर्ण मसाला लावून, उजवी दोन टप्प्यांत. पस्तिसाव्या मिनिटाला डावीकडच्या खोबऱ्याचे कण बुडबुडे सोडत काळे झाले. उजवीकडचे दही तेव्हा फिकट पिवळे होते आणि त्याच्या कडेला तेलाचे थेंब सुटत होते. मांस दोन्हीकडे सारखेच, ६० अंशांच्या खाली. काळा रंग शिजण्याबद्दल काहीच सांगत नाही, हे त्याला तेव्हा पटले.

पाचवी तपासणी: कोंबडीचा आकार

उष्णतेला जेवढे खोल जायचे तेवढा वेळ लागतो, आणि तो खोलीच्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने वाढतो: जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपटीकडे जातो. पाय दोऱ्याने गच्च बांधलेली, पोटात उकडलेली अंडी किंवा भात भरलेली कोंबडी दिसायला देखणी असते, पण मांडीचा सांधा तीत झाकला जातो आणि पोटातल्या सारणालाही ७४ अंश गाठावे लागतात. हा दोष वारंवार येत असेल तर काही महिने तरी भरणे आणि बांधणे सोडावे.

मला सर्वांत खात्रीचा वाटणारा उपाय दुकानातच होतो. "दादा, पाठीचं हाड काढून उघडी करून द्या, तुकडे करू नका," एवढे सांगितले की दुकानदार मिनिटभरात कणा कापून देतो. घरी ती छाती वर करून ट्रेवर ठेवावी आणि मधोमध तळहाताने दाबावी. छातीचे हाड कट् असा आवाज करून बसते आणि कोंबडी सपाट होते. दोन्ही मांड्या आता उघड्यावर येतात, छातीएवढ्याच जाडीच्या होतात, आणि १८० अंशांवर काम पंचेचाळीस ते पंचावन्न मिनिटांत होते. मांडीला हाडापर्यंत दोन खोल चिरा द्याव्यात, छातीला देऊ नयेत, आणि मांड्यांची बाजू ओव्हनच्या मागच्या, अधिक तापणाऱ्या भिंतीकडे करावी. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी.

गावरान कोंबडी, विशेषतः अंडी देऊन झालेली, कोरड्या उष्णतेने मऊ होत नाही. तिला आधी कुकरमध्ये मीठ-हळदीच्या पाण्यात शिजवून घ्यावे आणि ओव्हनमध्ये फक्त रंग आणावा.

सहावी तपासणी: ओव्हनचा आकडा खरा आहे का?

येथवर सगळे नीट असूनही दोष राहिला तरच ओव्हनकडे वळावे. फॉइलच्या लहान वाटीत चमचाभर साखर घेऊन ती मधल्या जाळीवर, रॉडपासून दूर ठेवावी. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. प्रीहीट झालेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटांत ती दाणेदारच राहिली पाहिजे, आणि १९० वर वितळली पाहिजे. १७५ वरच पाणी झाली तर ओव्हन दाखवतो त्याहून जास्त तापतो आणि नॉब तेवढा खाली ठेवावा. १९० वरही जशीच्या तशी राहिली तर तो कमी तापतो.

सातवी तपासणी: विजेचा दाब

आपल्याकडे संध्याकाळी दिवे मंदावतात, पंख्याचा वेग उतरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ओव्हनवर त्याचा परिणाम किती होतो हे मात्र कळत नाही. रॉडची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १६०० वॉट देणारा ओव्हन १८० व्होल्टला जेमतेम ९८० वॉट देतो. दाब पाचव्या हिश्शाएवढा घटला आणि उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. मग रंग येत नाही म्हणून नॉब २३० अंशांवर फिरवला जातो, तेवढ्यात परिसरातले पंप बंद होऊन दाब पूर्ववत होतो, आणि दहा मिनिटांत मसाला कोळसा होतो. पाचवे लक्षण हेच. सॉकेटमध्ये लावायचा लहान व्होल्टमीटर फार महाग नसतो. आकडा २०० च्या खाली दिसला तर नॉबला हात न लावता वेळ वाढवावा आणि थर्मामीटरवरच विसंबावे, किंवा दाब चांगला असतो त्या दुपारच्या वेळी भाजून, लगेच फ्रीजमध्ये ठेवून, जेवणाआधी आतून ७४ अंशांपर्यंत पुन्हा तापवावी.

येथे थांबावे

१६०० वॉटचा ओव्हन सुमारे ७ अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नये. प्लग हाताला चटका देईल इतका तापत असेल, सॉकेट पिवळे-काळे पडले असेल, किंवा ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवावे. अर्थिंगचा दोष घरी पाहण्यासारखा नसतो. एमसीबी एकदा पडला तर प्लग काढून ठेवावा, पुन्हा पुन्हा वर करू नये. चारपैकी एखादा रॉड लाल होत नसेल, ठरवलेले तापमान गाठूनही रॉड बंदच होत नसतील, किंवा दार नीट मिटत नसेल, तर मागचा पत्रा उघडण्याच्या फंदात पडू नये.

कोंबडीला आंबूस वास येत असेल किंवा ती बोटांना चिकट लागत असेल तर कोणताही मसाला किंवा कितीही उष्णता तिला वाचवत नाही. ती टाकून द्यावी. पाहुणे आठ-दहाच्या वर असतील तर लहान ओटीजीत दोन कोंबड्या कोंबू नयेत, मसाला घरी लावून भाजण्याचे काम तंदूर असलेल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे सोपवावे. कच्ची राहिलेली कोंबडी कोणी खाल्ली असेल आणि त्याला ताप, रक्त पडणारे जुलाब किंवा न थांबणारी उलटी होत असेल, तर ओआरएस देत त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध असल्यास लक्षणे एवढी वाढण्याची वाटही पाहू नये.

ओव्हन दुरुस्तीला देताना "नीट भाजत नाही" एवढेच सांगितले तर कारागीर तो नुसता लावून, रॉड लाल झालेले पाहून परत देतो. त्याला एका कागदावर लिहून द्यावे की साखर कोणत्या आकड्यावर वितळली, त्या वेळी व्होल्टमीटर काय दाखवत होता, कोणता रॉड उशिरा लाल होतो आणि दाराची कोणती कड उघडी राहते.